पंख्याचं तिसरं पातं

दौलत, तू गेलास त्याच्या पाचव्या दिवशी तुझा काळा पंखा तुटला.

भरली गाडी घेऊन तराफा शेगावच्या बाजूनं अलीकडे येत होता. पूर्णेला पाणी बेताचंच होतं, पण मधल्या धारेत बाभळीचं एक खोड पाण्याखालून वाहत आलं, ते कोणाला दिसलं नाही. खाडकन आवाज झाला, इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडलं आणि तराफा जागच्या जागी फिरू लागला. बांबूंनी रेटत रेटत आम्ही दोन वावरं खाली जाऊन काठ धरला. माणसं, बैल, सगळे सुखरूप. इंजिन तिरपं करून वर घेतलं, तर पंख्याच्या तीन पात्यांपैकी दोन मुळापासून गेलेली. ते बघितलं आणि मी गावाच्या दिशेला तोंड करून ओरडलो, "दौलत, ये बे लवकर."

चौदा महिने मी तुला नावानं हाक मारली नव्हती. गाडीवाला माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून तो बाजूला झाला.

लोकांना वाटतं तराफा इंजिन चालवतं. तू म्हणायचास, इंजिन नुसतं दमतं, चालवतो तो पंखा. दिसायला ताटलीएवढा, तोही पाण्याखाली, कोणाच्या नजरेला न पडणारा. त्या ताटलीएवढ्या वस्तूवरून आपण भांडलो. चूक कोणाची होती ते आज मला लिहायचं आहे. तू असतास तर लिहिलं नसतं, हेही खरं. तू तो कागद घाटावर चारचौघांत वाचून दाखवला असतास.

माझं मूळ तुला ठाऊक आहे. वरवटच्या बाजारात टोपलीभर शेंगांपासून मी सुरुवात केली, मग छोटं दुकान टाकलं. बापाकडून वावर आलं नाही, घर आलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. म्हणून मला एक सवय लागली. जी वस्तू घ्यायची ती आधी हातात धरून तिचं वजन बघायचं. गूळ असो, लोखंड असो, लुगडं असो. तू मला यावरून फार चिडवायचास. माझ्या लग्नात तू पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं होतंस, "हऱ्या, नवरी उचलून पाह्यली का बे?" मी ताट सोडून उठलो होतो आणि तूच मला हात धरून परत बसवलं होतंस.

लढाई संपली आणि फौजेचा उरलेला माल जागोजाग विकायला निघाला. खामगावात एका व्यापाऱ्याकडे नावेला मागून लावायचं पेट्रोलचं इंजिन आलंय, अशी बातमी तूच आणलीस. जिनिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करून करून तुझा कान असा तयार झाला होता, की तू इंजिन उघडलंसुद्धा नाहीस. दोरी ओढून ते चालू केलंस, डोळे मिटून ऐकलंस आणि माझ्याकडे बघून मान हलवलीस. पुढचं काम माझं होतं. व्यापारी कंटाळून घरात जेवायला निघून गेला, तरी मी तिथंच बसून राहिलो. शेवटी त्यानं मी म्हटलेल्या भावात इंजिन दिलं.

त्या इंजिनाला एक पंखा होता. काळा पडलेला, पातळ, बुटक्या पात्यांचा. माझ्या मनाला तो आला नाही. दुकानाच्या कोपऱ्यात तसल्या पंख्यांचा ढीग पडला होता आणि व्यापारी म्हणत होता, इंजिनासोबत आणखी कोणताही एक घ्या, भाव एकच. एवढं ऐकल्यावर मी ढिगात हात घातला. एक एक उचलून बघितला. तळाशी एक काशाचा निघाला, पिवळाधमक, रुंद पात्यांचा, आणि असा जड की दोन्ही हात लावावे लागले.

"घागर घेऊन राह्यला का बे?" तू म्हणालास. "वजन कायले पाह्यतं त्याचं?"

"सगळे एकाच भावात देऊन राह्यला तो. मंग जड घ्यावा का हलका?"

"इंजिनाले पेलवते तो घ्यावा."

मी काशाचा घेतला. काळाही सोबत आणला, कारण तो इंजिनाला होताच. परत येताना शेगावच्या बाजारात तांबटाच्या दुकानात शिरलो आणि भर गर्दीत पंखा तराजूत टाकला. साडेतीन शेर भरला. मला वाटलं, मी खामगाव लुटून आणलं. तू बाहेर पायरीवर बसून बिडी ओढत होतास. तराजूचा काटा बघायलाही आत आला नाहीस.

पुढचे दोन महिने आपण तराफा बांधला, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. डांबराची रिकामी पिपं दोन ओळींत बांधायची, वर सागाचे वासे, त्यावर फळ्या. तुझ्या घरून सरूवहिनी भाकरी घेऊन नदीवर यायच्या आणि आपण पिपांच्या सावलीत जेवायचो. तुझ्या ताटातली मिरची मी खायचो आणि माझ्यातला कांदा तू. भांडण रोज व्हायचं. फळ्या किती जाड, इंजिन टांगायची पाटी किती खाली. तू ती पाटी चार बोटं खाली घेतलीस, म्हणालास पंखा वर राहिला तर पाण्याबरोबर हवा ओढतो आणि नुसता फेस काढतो. तेवढं मी ऐकलं. पंखा कोणता, हे ऐकलं नाही.

तू मला समजावलं नाहीस असं मला म्हणता येणार नाही. नदीतली ओली चिकणमाती आणून तू ती पाटावर थापलीस. काळ्या पंख्याचं पातं तिच्यात दाबलंस, मग काशाच्याचं दाबलंस आणि दोन्ही ठसे मला दाखवलेस. काळ्याच्या ठशाला उतार कमी होता, काशाच्याला कड्यासारखा.

"हा उतार म्हणजे त्याचा पीळ," तू म्हणालास. "पीळ जास्त तर एका फेऱ्यात लांब ढकलते, पण इंजिनाचा दम काढते. हा शंकरपटाचा बैल हाये हऱ्या. मोकळा सोडला तर वाऱ्यासारखा पळीन. मोटेले जुंपला तर चार पावलात तोंडाले फेस. आपलं काम मोटेचं हाये."

"आणि हे काळं भांडं मोटेचा बैल का?"

"हाव. दिसाले बेकार हाये. पण थोडं थोडं ओढते आणि दमत नाई."

मी म्हटलं, पाण्यात घालून बघू. घातला. रिकामा तराफा काशाच्या पंख्यावर असा सुटला की काठावरची माणसं उभी राहिली. मी तुझ्याकडे वळून बघितलं. तू शांतपणे म्हणालास, "रिकामा तराफा घेऊन जाणार कोण हाये शेगावले?"

दुसऱ्या दिवशी एक गाडी चढवली. इंजिन घोगरं झालं, तापलं, त्यातून जळक्या तेलाचा वास येऊ लागला आणि धारेनं आपल्याला वाहवत खालच्या बाभळींत नेलं. मी म्हटलं, आज धार जास्त आहे. तिसऱ्या दिवशीही मी तेच म्हटलं. धार खरं तर उतरली होती.

त्या आठवड्यात लोकल बोर्डाचे ओव्हरसियर यायचे होते. दोन भरल्या गाड्या, बैलांसकट, चढत्या पाण्यात पार झाल्या तर घाटाचा ठेका आपल्याकडे. नाहीतर पुन्हा जुना डोंगा आणि जुने नावाडी. माझ्याजवळ होतं नव्हतं ते त्या पिपांत गेलं होतं. आदल्या संध्याकाळी तू शेवटचं विचारलंस, "बदलू का?" मी म्हटलं, "पंख्याले हात लावला तर याद राख."

साहेब आले. दोन गाड्या चढल्या. मी देवाचं नाव घेतलं. तू दोरी ओढलीस आणि इंजिन असं बोलायला लागलं जसं मी आधी ऐकलं नव्हतं. रडणं नाही, ओरडणं नाही, एका सुरात. तराफा सावकाश निघाला, धारेत जराही न वाकता समोरच्या खुंटाला जाऊन लागला. साहेबांनी विचारलं, याचं विशेष काय? मी छाती काढून सांगितलं, "पंखा, साहेब. काशाचा हाये, साडेतीन शेर." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. तू फडक्यानं हात पुसत मागं उभा होतास. तू हसलास का त्या वेळी, हे मी चौदा महिने आठवून बघत होतो. मला आठवत नाही.

श्रावणात पंख्याला शेवाळ गुंडाळलं म्हणून आपण इंजिन वर घेतलं. घाटावर बाजाराची दहा-बारा माणसं होती. पाण्यातून वर आला तो काळा पंखा. मागून कोणीतरी म्हणालं, "हरिभाऊ, तुमचा साडेतीन शेराचा रोडावला काय?" सगळे हसले. अगदी बैल धरून उभा होता तोसुद्धा.

मी तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. चोर म्हटलं तेवढं लिहितो. माझा पंखा विकून खाल्लास, असंही म्हटलं. तू एवढंच म्हणालास, "इकला नाई. ठेवला हाये." आणि थोडं थांबून, "तुले सांगितलं असतं तर लावू दिला असता का?" मग हत्याराची पिशवी उचलून चालायला लागलास.

मला राग पंखा बदलल्याचा नव्हता, दौलत. तू मला साहेबांसमोर बडबडू दिलंस, याचा होता. आणि त्याहून जास्त याचा, की वजनाची गोष्ट लोकांना कळली कशी. तूच सांगितलंस हे मी धरून चाललो. दुसरं कोण होतं माझ्याबरोबर? त्यानंतर वरवटच्या बाजारात मला "वजनी पंखा" असं नाव पडलं. मी शेंगांची टोपली घेऊन उभा होतो तेव्हाही मला कोणी हसलं नव्हतं.

तू काम सोडलं नाहीस. दर आठवड्याला यायचास, माझ्याकडे न बघता इंजिनापाशी बसायचास आणि इंजिनाशी बोलायचास, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "काय रे, तुले तेल कमी घालून राह्यलं वाटते कोणी. पेट्रोलची कुपनं वाचवून राह्यला का मालक तुया?" मी दुसऱ्या बाजूला तोंड करून तराफ्यावरच्या गड्याला सांगायचो, इंजिनाला म्हणावं आपलं काम कर. एकदा तू इंजिनाला म्हणालास, "याचा पंखा पातळ होऊन राह्यला. रेतीनं खाल्ला. पुढचा हंगाम काढत नाई हा." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, तू मला पुन्हा त्या काशाच्या पंख्याची आठवण करून देतोयस.

तुझ्या तापाचं कळलं तेव्हा मी आलो होतो. वहिनींनी सांगितलं असेल. तू नुकताच झोपला होतास. "बसा भाऊजी, उठवते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "झोपू द्या." घाटावर दोन गाड्या खोळंबल्या होत्या. मी अंगणात उभ्यानं पाणी प्यालो आणि निघालो. त्याच दिवशी दिवेलागणीला तू गेलास. त्या दोन गाड्यांत कडबा होता. कडब्याला काही घाई नसते.

तर तुझा काळा पंखा तुटला. दसऱ्यानंतर कापूस सुरू होतो, आणि कापसाच्या गाड्या घाट बंद असला तर वाट बघत नाहीत, पुढच्या घाटाला जातात. एकदा वळलेली गाडी पुन्हा येत नाही. खामगावचा तो ढीग कधीच विकला गेला होता. माझ्याजवळ एकच मार्ग उरला. सातव्या दिवशी मी तुझ्या दारात काशाचा पंखा मागायला उभा राहिलो.

"आता आले भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. त्यांनी आतून एक तरट आणलं, एक तेलाचा छोटा डबा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "पंखा तुमचाच हाये. आणि हे डब्यातलंही तुमचंच हाये म्हणे. 'हऱ्या तोलून मागीन, तोलून देजो' म्हणत होते."

डब्यात काशाचा कीस होता. कानशीनं काढलेला बारीक, आणि छिन्नीनं तोडलेले तुकडे.

तरट सोडलं. माझा पिवळाधमक पंखा. त्याची दोन पाती कापून आखूड केलेली, तापवून ठोकून पीळ कमी केलेली. तिसरं जसंच्या तसं, रुंद, पिळाचं. सोबत भाजलेल्या मातीची एक फरशी होती आणि तिच्यात काळ्या पंख्याच्या पात्याचा ठसा. माझं डोकं फिरलं, खोटं कशाला सांगू. पहिला विचार आला तो हाच, की यानं माझा पंखा नासवला आणि कीस डब्यात भरून वरून मला डिवचलं. मेला तरी डिवचतो.

"काऊन केलं त्यानं हे?" मी विचारलं.

"दसऱ्याले लावाचा होता तराफ्याले. तुमाले सांगाचं नाई म्हणे तवरोक. दर शेगावच्या बाजाराले जाऊन थोडं थोडं करून आणत. तिसरं राह्यलं."

मी तरट पुन्हा बांधलं. डबा मला नको होता, पण वहिनींनी तो माझ्या हातात दिला. वर तुझी एक कानसही दिली, काही न बोलता.

नवव्या दिवशी शेगावचा बाजार होता. तराफा बंद, म्हणून मी जुन्या डोंग्यात बसलो. म्हाताऱ्या नावाड्यानं माझ्या मांडीवरचं तरट बघितलं. "या हरिभाऊ. आमचा वल्हा लाकडाचा हाये, तोलून पाह्यता का?" मी काही बोललो नाही. तुला सांगतो, न बोलणं किती कठीण असतं ते त्या दिवशी कळलं. आणि तू चौदा महिने ते केलंस.

तांबटानं पंखा ओळखला. "दौलतभाऊ गेले ना," म्हणाला. "मले वाटलंच, आता तुमी येसान. भाता तुमाले ओढा लागन."

मी भाता ओढत बसलो. पातं लाल होईपर्यंत तो त्याच्या तालात बोलत होता. मी मध्येच विचारलं, "मी हा पंखा इथं तोलला होता, हे लोकाईले दौलतनं सांगितलं काय?"

तो हसायला लागला. "दौलतभाऊ? मी सांगितलं. चार गिऱ्हाइकाईले सांगितलं, पाचव्यानं वरवटले नेलं. आन लपून थोडी तोलला होता तुमी? अर्धा बाजार पाह्यत होता." मग सांडशीनं पातं धरून तुझ्या फरशीवर ठेवत म्हणाला, "दौलतभाऊ तर उलट रागावले माह्यावर. मी म्हटलं, तुमच्या दोस्तानं काय वजनात पंखा घेतला, तं म्हणे, हसू नको बे. त्यानं जड घेतला म्हणून कापाले जागा हाये. हलका घेतला असता तं आज काय कापलं असतं?"

मी भाता ओढायचा थांबलो. "ओढा ना," तो म्हणाला, "गार होते."

दौलत, मी व्यवहारात कधी फसलो नाही असं आयुष्यभर सांगत आलो. आणि माझ्या एकुलत्या एका मोठ्या चुकीत कामाचं काही आहे का, ते तू बाजाराच्या दिवशी, माझ्याशी न बोलता, एका भट्टीपाशी बसून शोधत होतास.

ठोकणं तांबटानं केलं. कडा मी घासल्या, तुझ्या कानशीनं. तळहाताला फोड आले. पातं फरशीत बसवून बघायचं, उजेड दिसेल तिथं पुन्हा घासायचं. शेवटी तांबटानं पंख्याच्या भोकातून सळई घातली आणि दोन विटांवर टेकवून तो फिरवला. नवं पातं दर वेळी खाली येऊन थांबायचं, म्हणजे ते अजून जड होतं. तुझी पद्धत, तो म्हणाला. फिरवलेला पंखा कुठंही थांबायला लागेपर्यंत मी घासत राहिलो. सगळा कीस कागदात गोळा केला. तांबटाचा हात सवयीनं तराजूकडे गेला. मी म्हटलं, "राहू दे."

दहाव्याला पूर्णेवर तुझा पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर बसून होता, खाली येईना. तुझा भाऊ हात जोडून म्हणाला, तुझ्या लेकीचं, कमलचं बाळंतपण आम्ही करू. कावळा हलला नाही. वहिनी म्हणाल्या, तुमची हत्यारं इकणार नाई. तरी हलला नाही. ऊन चढायला लागलं. मग एक एक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आयुष्यभर घासाघीस केली, पण कावळ्याशी कशी करतात ते मला ठाऊक नव्हतं. आणि या वेळी मला काही कमी करून घ्यायचंही नव्हतं. मी टोपी काढली. सगळ्यांसमोर म्हणायचं ठरवलं होतं: साहेबांसमोर चालला तो पंखा तू निवडलास, मी नाही, आणि चोर मी उगाच म्हटलं. पुढं झालो, घसा साफ केला. पहिला शब्द तोंडातून निघायच्या आत कावळा खाली आला आणि शिवला.

लोक मोकळे झाले, अंघोळीला निघाले. मी टोपी हातात धरून उभा. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, काय म्हणणार होते तुमी?"

"काई नाई," मी म्हटलं.

असं तू मला शेवटीही बोलू दिलं नाहीस. तुला माझ्याकडून काही नकोच होतं, असं तुझा भाऊ म्हणतो. मला ते पटत नाही. मला वाटतं, मी चारचौघांत टोपी काढून उभा राहिलेलं तुला बघवलं नाही. साहेबांसमोरही तू म्हणूनच गप्प बसला असशील. हे मला आता सुचतंय, आणि खरं की खोटं विचारायला तू नाहीस.

तेराव्यानंतर पंखा लावला. मी स्वतः लावला. पिन उलटी घातली, काढून परत घातली. दोन भरल्या गाड्या चढवल्या, रिकामा तराफा फिरवून बघितलासुद्धा नाही. दोरी ओढली, डोळे मिटले आणि तू ऐकायचास तसं ऐकलं. रडणं नाही, ओरडणं नाही. मधल्या धारेत इंजिनाचा सूर किंचित खाली गेला आणि परत वर आला, दमलेला बैल खांदा बदलतो तसा. तराफा सरळ खुंटाला लागला.

उतरताना जानेफळकडचा एक म्हातारा गाडीवाला वाकून पाण्यात बघत होता. पाणी निवळलं होतं, काशाचा पिवळा रंग खाली चमकत होता. "हरिभाऊ," तो म्हणाला, "हा तोच वजनी पंखा ना तुमचा?"

घाटावर वीसेक माणसं होती. "हाव, तोच," मी म्हटलं. "घेतला मी. पण कामाचा केला दौलत मिस्त्रीनं. मी त्याले इथंच चोर म्हटलं होतं, तुमच्यातले काही होते तेव्हा. ते माझं चुकलं."

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि बैलांना हाक दिली.

वहिनींना जाऊन मी हेच सांगितलं, जे नदीवर राहून गेलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याईले ठाऊक होतं भाऊजी, तुमी म्हणसान." मग मला बसवून भाकरी वाढली, मिरची जरा जास्तच.

तुझा डबा माझ्या दुकानात, तराजूच्या शेजारी ठेवला आहे. तिसऱ्या पात्याचा कीसही त्यातच ओतला. रोज हात लागतो त्याला. तोलून बघितलेला नाही.